तोंडातली चोखणी, मायची मांडी

वाचनासाठी: उत्पत्ती २१:१-१९, १ शमुवेल १:२०-२८ व २:१८-१९, स्तोत्र १३१



नाताळ जवळ आला की आपल्यातल्या अनेक मंडळ्या आणि कुटुंबे आदिवासी लेकरांसाठी खोकी भरून पाठवतात. स्वेटर, कानटोप्या, साबण, पाटी-पेन्सिल, खेळणी. गेल्या खेपेला धामणगाव रेल्वेला आलेल्या खोक्यांमध्ये दूध पाजायच्या बाटल्या आणि रबरी चोखण्याही निघाल्या. ज्यांनी त्या घातल्या त्यांनी मायेनेच घातल्या असणार. आम्ही मात्र त्या वाटल्या नाहीत. का वाटल्या नाहीत, आणि ज्या लेकराच्या तोंडात चोखणी आधीच आहे त्याची ती कशी सोडवावी, हा या तिमाहीच्या अभ्यासाचा विषय आहे.

पवित्र शास्त्राच्या अभ्यासात चोखणी कुठून आली, असे काहींना वाटेल. शास्त्रात चोखणी नाही हे खरे. पण लेकराचे दूध तुटणे तिथे आहे, त्या दिवशी दिलेली मेजवानी आहे, आणि दूध तुटलेल्या लेकरावर अख्खे एक स्तोत्र आहे. आपण त्या उताऱ्यांवरून भरभर पुढे जातो, कारण तो बायकांचा घरगुती विषय समजला जातो.

आधी वस्तू समजून घेऊ. चोखणीला आपल्याकडे कोणी चुसणी म्हणते, कोणी नुसते निपल. आमच्या मंडळीतल्या एक आजी तिला सरळ बूच म्हणतात. "काहून वं, लेकराच्या तोंडात बूच काहून घातलं?" असे त्या कोणालाही विचारतात, आणि मला वाटते नाव त्यांनीच बरोबर ठेवले आहे. आजची रबरी चोखणी सव्वाशे वर्षांच्या आसपासची. पण तिच्या आधी कापडाची पुरचुंडी होती. त्यात साखर किंवा पाव बांधून ती ओली करून बाळाच्या तोंडात देत. १५०६ साली आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने काढलेले मरीया आणि बाळ येशूचे एक चित्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यात बाळ येशूच्या हातात अशीच पुरचुंडी दाखवली आहे. तेव्हा चोखणी म्हणजे काही पाप आहे, असे मी सांगत नाही.

चोखणे हे लेकराचे उपजत काम आहे. मायच्या पोटात असतानाच ते अंगठा चोखू लागते. अंगावर पिताना त्याचे पोट भरते आणि त्याच वेळी जीवही शांत होतो. देवाने या दोन गोष्टी एकाच कामात बांधून दिल्या. चोखणी त्यांची फारकत करते. जीव शांत होतो, पोट रिकामेच राहते. घरात अन्न भरपूर असेल, माय शेजारीच असेल, तर या फारकतीने फारसे बिघडत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना चोखण्याची सवय व्हावी म्हणून दवाखान्यातही कधी चोखणी देतात. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तर अंगावरचे पिणे नीट बसल्यावर तान्ह्याला झोपताना चोखणी द्यायला हरकत नाही म्हणतात, कारण झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा धोका तिने कमी झालेला दिसला आहे. पण मी लिहीत आहे ते वावराच्या धुऱ्यावरच्या लेकराबद्दल, जिथे माय शेजारी नाही आणि अन्नही बेताचेच आहे.

धामणगाव रेल्वे हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे कापसाचे गाव. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला की धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतली कोरकू कुटुंबे वेचणीला खाली उतरतात. काही परतवाडा-अमरावती करत बसने येतात, काही ठेकेदाराच्या टेम्पोत. यवतमाळकडून गोंड आणि कोलाम कुटुंबेही येतात. कापूस संपला की तूर, मग हरभरा, मग कोणी वीटभट्टीवर. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. हा एकच मुद्दा नीट लक्षात घेतला तर बाकीचे आपोआप कळते. जी माय लेकराला पाजायला दिवसातून तीनदा तास सोडून धुऱ्यावर येते, तिच्या ओटीत तेवढा कापूस कमी पडतो. संध्याकाळी काट्यावर तो कमीपणा दिसतो. मग बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची, आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीला तिथे बसवायचे, आणि बाजारातून दहा-वीस रुपयांची चोखणी आणून काळ्या दोऱ्याने लेकराच्या गळ्यात अडकवायची. बहिणीलाही ती हवीच असते. तिच्याजवळ दूध नाही, भाकर नाही, आणि लेकरू रडले तर बोलणी तिलाच बसतात.

अशा मायला "चोखणी वाईट असते" हे ऐकवणे सोपे आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांतल्या बायकांना शंभर वर्षांपूर्वी असेच ऐकवले जात होते. तेव्हा चोखणीच्या जागी बाळगोळी होती, म्हणजे अफूची बारीक गोळी. माय साच्यावर असेपर्यंत बाळ झोपून राहावे म्हणून ती देत. १९२१-२२ साली डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी गिरणीतल्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा या स्त्रियांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते असे त्यांनी नोंदवले. अठ्ठ्याण्णव माया वाईट असू शकत नाहीत. पाळीची वेळ वाईट होती, घरी सांभाळणारे कोणी नव्हते, आणि बाळंतपणानंतर विसावा नव्हता. उपदेशाने बाळगोळी सुटेना, तेव्हा कायद्याकडे वळावे लागले. मुंबई विधिमंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि बाळंतपणाच्या आधी व नंतर मायला विसावा मिळण्यात साऱ्या देशाचे हित आहे असे मांडले. १९२९ साली तो कायदा झाला. देशातला त्या प्रकारचा तो पहिला. आज नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. कापूस वेचणारणीला तिच्यातला एक दिवसही नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे ५,००० रुपये मिळाले तर मिळाले.

आता शास्त्राकडे येऊ.

उत्पत्तीच्या २१ व्या अध्यायात इसहाकाचे दूध तुटते आणि त्या दिवशी अब्राहाम मोठी मेजवानी देतो. जन्माच्या दिवशी मेजवानी दिल्याचे तिथे लिहिलेले नाही. दूध तुटल्याच्या दिवशी दिल्याचे लिहिले आहे. त्या काळी बाळे फार मरत, आणि दूध तुटेपर्यंत जगलेले लेकरू म्हणजे हाती लागलेले लेकरू. दूध साधारण तीन वर्षांचे झाल्यावर तोडत असावेत. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातली एक माय आपल्या मुलाला तीन वर्षे पाजल्याची आठवण करून देते. एवढे वाढवल्यावर घरात आनंद झाला, पंगत बसली. दूध सुटले ते भरल्या ताटापाशी.

दूध तोडण्यासाठी इब्री भाषेत जो शब्द आहे तो डिप्लोमाच्या वर्गात शिकताना मला फार आवडला होता. 'गामाल'. त्याच शब्दाने फळ पिकणे सांगितले जाते. गणनेच्या १७ व्या अध्यायात अहरोनाच्या काठीला बदाम पिकतात तिथे हाच धातू आहे, आणि देवाने माझे भरभरून भले केले असे स्तोत्रकर्ता म्हणतो तिथेही हाच. पिकणे, भरभरून देणे, दूध तुटणे, तिन्ही एका शब्दात. आपल्या वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. कच्चे संत्रे ओढले तर साल फाटते, पिकलेले हातात येते.

स्तोत्र १३१ तीनच वचनांचे आहे. यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गीतांपैकी ते एक, म्हणजे वाटेवरच्या माणसांचे स्तोत्र. त्यात दावीद आपल्या जिवाची उपमा दूध तुटलेल्या लेकराला देतो. तान्हे लेकरू मायच्या कुशीत आले की दुधाचा वास येतो, ते चुळबुळ करते, मागते, न मिळाल्यास रडते. दूध तुटलेले लेकरू त्याच कुशीत शांत असते. ते आता दुधासाठी आलेले नसते, मायसाठी आलेले असते. दूध सुटले आणि माय उरली. धुऱ्यावरच्या झोळीत याच्या उलट होते. तिथे चोखणे उरते आणि माय नसते. म्हणून चोखणी सोडवताना मी नेहमी पहिला प्रश्न विचारते तो चोखणीबद्दलचा नसतो. या लेकराला मांडी कोणाची मिळते, आणि किती वेळ, हा असतो.

हन्नाची गोष्ट आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. पण तिच्या नवऱ्याचे, एलकानाचे, एक वाक्य आपण वगळतो. वार्षिक यज्ञासाठी शिलोला जायची वेळ येते तेव्हा हन्ना म्हणते की मुलाचे दूध तुटेपर्यंत मी येणार नाही, आणि एलकाना तिला तुला बरे दिसेल तसे कर, घरी राहा, असे सांगतो. धार्मिक माणूस होता, दरवर्षी न चुकता जात होता. तरी बायकोने पाजायला घरी राहणे त्याने यज्ञाच्या वारीहून कमी मानले नाही. कुटुंबांच्या सभेत हा उतारा पुरुषांकडून वाचून घ्यावा असे मी सुचवीन. पुढे शमुवेल एलीपाशी राहू लागल्यावरही हन्नाचे येणे थांबत नाही. दरवर्षी ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेते.

आणि आता त्याच २१ व्या अध्यायाचा दुसरा अर्धा भाग, जो मेजवानीच्या उजेडात आपल्याला दिसत नाही. मेजवानीनंतर लगेच हागार आणि तिचा मुलगा घराबाहेर काढले जातात. थोडी भाकर, पाण्याची एक मसक. पाणी संपल्यावर हागार मुलाला एका झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याएवढी दूर जाऊन बसते, कारण त्याचे मरण तिला पाहवत नाही. इश्माएल तेव्हा तान्हा नव्हता, चांगला मोठा मुलगा होता. तरी मला त्या झुडपाजागी आपली बाभूळच दिसते. तिथे देव मुलाचा आवाज ऐकतो. इश्माएल या नावाचा अर्थच देव ऐकतो असा आहे. आणि ऐकल्यावर देव त्याला गप्प करत नाही, त्याच्या मायला विहीर दाखवतो.

लेकराचे रडणे ही त्याची एकमेव अर्जी असते. तिला बूच लावले की ती कोणापर्यंतच पोहोचत नाही.

आता प्रत्यक्ष कसे करावे, ते लिहिते. आमच्या भगिनी मंडळातल्या बायकांनी धामणगाव तालुक्यातल्या वावरांवर, आणि आपापल्या घरांतल्या नातवंडांवरही, हे करून पाहिले आहे.

पहिले सहा महिने लेकराला फक्त मायचे दूध. या वयात चोखणी असेल तर ती हळूहळू सोडवत बसू नये, सरळ बाजूला ठेवून लेकराला अंगावर घ्यावे. मायचे दूध मागणीवर चालते. लेकरू जेवढे ओढते तेवढे पुढच्या वेळी उतरते. चोखणीत गेलेला चोखण्याचा वेळ अंगावरून कमी होतो, दूध कमी उतरते, मग माय म्हणते मला दूधच येत नाही, आणि बाटली येते. ही साखळी मी अनेक घरांत पाहिली आहे. भूक लागल्याच्या खुणा मायला आणि बहिणीला दोघींना शिकवाव्यात: मूठ तोंडात घालणे, मान वळवून शोधणे, ओठ हलवणे. रडणे ही उशिराची खूण आहे.

सहा महिन्यांनंतर दुधाबरोबर वरचे खाणे सुरू करायचे, आणि दूध दोन वर्षे व त्यापुढेही चालू ठेवायचे. आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीनदा खाणे. नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा, आणि मध्ये एखाद-दोनदा काहीतरी. वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकर, मुगाची मऊ खिचडी, अंडे, केळे, शेंगदाण्याचा बारीक कूट घालून केलेली पेज. कोरकू घरांत कुटकीचा भात आणि मका असतोच, त्यात वरण आणि चमचाभर तेल घातले की झाले. डबाबंद पावडरीची गरज नाही. आणि गावातली अंगणवाडी फक्त गावच्या लेकरांसाठी नाही. कामासाठी आलेल्या कुटुंबाच्या लेकरालाही तिथला आहार घेता येतो. हे त्या मायांना माहीत नसते. आपण एकदा बरोबर जाऊन नाव घालून द्यावे.

एक-दीड वर्षाच्या पुढच्या लेकराची चोखणी सोडवताना घाई करू नये, पण फार लांबवूही नये. दंतवैद्य साधारण तीन वर्षांच्या आत ती सुटावी म्हणतात. तोवर सुटली तर पुढे आलेले दात बहुधा आपोआप जागेवर येतात. त्यापुढे रेंगाळली तर वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना टेकेनासे होतात, मध्ये फट राहते. कान फुटण्याचा त्रासही चोखणी चोखणाऱ्या लेकरांत जास्त आढळतो. धुऱ्यावर तर ती मातीत पडते, पदराला पुसून परत तोंडात जाते, आणि हगवण लागते. हगवण लागलेले लेकरू किती दिवसांत वाळते, हे मेळघाटात काम केलेल्या कोणालाही विचारा.

एका अडीच वर्षांच्या मुलीचे सांगते. कुटुंब चिखलदरा तालुक्यातले. चोखणी दिवसभर तोंडात, बोलणे जवळजवळ नाही, दंड बारीक. पहिला आठवडाभर आम्ही चोखणीला हातही लावला नाही. फक्त खाण्याच्या वेळा बसवल्या. माय वावरात जाण्याआधी अंगावर पाजणे आणि अर्धी भाकर; दहाच्या सुमारास खिचडी; दुपारच्या सुट्टीत माय धुऱ्यावर आली की तिच्या मांडीवरच जेवण; चार वाजता शेंगदाण्याचा लाडू. खाताना तोंड रिकामे लागते, म्हणून चोखणी आपोआपच पाचसहा वेळा बाहेर येऊ लागली. दुसऱ्या आठवड्यात गळ्यातला दोरा काढला. तो तर कुठल्याही लेकराच्या गळ्यातून आजच काढावा. झोळीत पीळ बसला तर फास लागतो. चोखणी एका लहान डब्यात ठेवली आणि डबा मुलीच्याच हाती दिला. झोपताना काढायची, उठल्यावर तिनेच परत ठेवायची. दिवसा मागितली तर बहीण तिला उचलून घेई, चिमणीचे गाणे म्हणे, किंवा पाणी पाजे. तिसऱ्या आठवड्यात रात्रीची. तीन रात्री रडली. पहिल्या रात्री पुष्कळ, दुसऱ्या रात्री तेवढीच, तिसऱ्या रात्री थोडी. माय दमून आलेली, पालाच्या शेजाऱ्यांची झोपमोड होत होती, आणि बापाने एकदा चिडून डबा शोधलाही. पण आम्ही आधीच सर्व पालांवर सांगून ठेवले होते, म्हणून कोणी बोलले नाही. चौथ्या रात्रीनंतर मायने सांगितले, "आता माहा हात धरून झोपते." चोखणीऐवजी तिला काय मिळाले ते त्या एका वाक्यात आहे.

त्या मुलीची नऊ वर्षांची बहीण या दिवसांत पाच दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बसली, कारण भगिनी मंडळातल्या दोघी पाळीपाळीने धुऱ्यावर होत्या. पुढे कुटुंब दुसऱ्या वावरात गेले आणि तिची शाळा तिथेच राहिली. मेळघाटात थांबणाऱ्या अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण धाकट्याला सांभाळणारी म्हणूनच जिला बरोबर आणले, तिला गावी ठेवणार कोण? धाकटीच्या चोखणीचा विचार करताना या थोरलीचाही विचार करावा लागतो.

काय करू नये तेही सांगते, कारण हे प्रकार आपल्या ख्रिस्ती घरांतही चालतात. चोखणीला कडुनिंबाचा रस किंवा मिरची लावू नये. मिरची तर डोळ्याला लागते. ज्या गोष्टीवर लेकराचा विश्वास आहे तीच आपण कडू करतो, आणि ते मनात ठेवते. "बाबा नेईल", "देव शिक्षा करील" असले भय घालू नये. देवाचे नाव तर या कामाला मुळीच वापरू नये. चारचौघांत "एवढी मोठी झाली तरी बूच" म्हणून हसू नये (आमच्या आजी हे फक्त मोठ्यांना म्हणतात, लेकराला नाही). साखर किंवा मध लावून चोखणी देऊ नये. साखरेने दात किडतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा असतो. निपलला चीर गेली असेल तर लगेच फेकावी, तुकडा घशात अडकतो. ताप, हगवण, नवे भावंड, किंवा नुकतेच नव्या गावी आलेले असणे, अशा दिवसांत सोडवायला घेऊ नये. कुटुंब आल्याच्या पहिल्या आठवड्यात तर नकोच. त्या लेकराचे गाव, आजी, घर सगळे एकदम सुटलेले असते.

काही लेकरे चोखणी सुटल्यावर अंगठ्याकडे वळतात. अंगठा डब्यात ठेवता येत नाही. तेव्हा ओरडू नये, हाताला काम द्यावे: शेंगा सोलायला, गोट्या वाटीतून वाटीत टाकायला. बहुतेकांचा तो आपोआप सुटतो.

आता त्या खोक्यांबद्दल. १९९२ साली आपल्या देशात बालदुग्धपर्याय, दूध पाजायच्या बाटल्या आणि बालअन्न यांबाबत एक कायदा झाला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. त्यानुसार दुधाची पावडर, बाटल्या आणि तयार बालअन्न यांची जाहिरात करता येत नाही, आणि अनाथालय सोडून इतर कोणाला ती दानही देता येत नाहीत. बाटलीला बसणारे निपलही बाटलीतच धरले आहे. सुट्या चोखणीचे नाव त्यात नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये प्रसूतिगृहांसाठी दिलेल्या दहा सूत्रांत मात्र अंगावर पिणाऱ्या बाळाला कृत्रिम निपल किंवा चोखणी देऊ नये असे होते. २०१८ मध्ये ते सूत्र बदलले, आणि त्यांचे उपयोग व धोके मायला समजावून सांगा असे झाले. म्हणजे बाटल्या आम्ही वाटल्या असत्या तर कायदा मोडला असता. चोखण्या वाटणे गुन्हा नव्हता, तरी त्या वाटणे म्हणजे भाकर मागणाऱ्याच्या हाती दुसरेच काही ठेवणे झाले असते. प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात बापांना विचारलेला प्रश्न आठवा.

आपल्या वाचकांत काही शेतकरी आहेत, ज्यांच्या वावरात ही कुटुंबे कापूस वेचतात. त्यांच्याशी मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. रूथच्या पुस्तकात बवाज सर्वा वेचणाऱ्या परक्या बाईला जेवणाच्या वेळी बोलावून घेतो, पोटभर खायला देतो, आणि तिच्यासाठी मुद्दाम कणसे टाकून ठेवा असे गड्यांना सांगतो. तुमच्या वावरात अंगावर पाजणारी माय असेल तर दिवसातून तीनदा वीस मिनिटे तिला पाजायला द्या आणि त्या वेळेचे दोन-तीन किलोचे पैसे धरा. हिशेब करून पाहा, एका हंगामात फार होत नाही. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने पाच किंवा अधिक लहान लेकरे कामावर आली तर त्यांना सांभाळायला एका स्त्रीला मजुरी देऊन नेमण्याची तरतूद केली होती. सरकारी कामावर जे चालते ते आपल्या वावरावर चालायला हरकत नसावी. चार शेजारी शेतकऱ्यांनी मिळून एक बाई नेमली तरी झोळीजवळची नऊ वर्षांची मुलगी मोकळी होते.

गटात चर्चेसाठी काही प्रश्न: आपल्या घरात लेकरू रडते तेव्हा त्याला गप्प करण्यासाठी आपण पहिल्यांदा काय हातात देतो, चोखणी, बिस्कीट की मोबाईल? एलकानाच्या जागी आपण असतो तर काय म्हटले असते? हागार बाणाच्या टप्प्यावर बसली होती. आपल्या गावाजवळच्या पालांपासून आपण किती अंतरावर बसलो आहोत? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर किलोमीटरमध्ये द्यावे.

पुढच्या खोक्यांसाठी: बाटल्या, निपले, चोखण्या, दुधाची पावडर आणि तयार बालअन्नाचे डबे कृपया पाठवू नयेत. धुतलेली जुनी सुती लुगडी हवी आहेत. झोळीला, गोधडीला आणि मायला पाजताना आडोशाला उपयोगी पडतात. झाकणाच्या स्टीलच्या वाट्या आणि लहान चमचे, प्रत्येक लेकराला आपापले. शेंगदाणे, मूगडाळ, गूळ थेट धामणगावातच घेता येतात, म्हणून त्यांचे पैसे पाठवले तरी चालेल. झबली आणि स्वेटर पाठवताना दोन-तीन वर्षांच्या मापाचे जास्त असावेत. तान्ह्यांची झबली पुष्कळ येतात, चालत्या-फिरत्या लेकरांना मापाचे मिळत नाही. हन्नालाही दरवर्षी मोठ्या मापाचा झगा शिवावा लागला होता. प्रत्येक खोक्यावर बाहेरून वय लिहावे, म्हणजे इथे उघडून निवडत बसावे लागत नाही.